कियांगनची खाचरं

फिलिपिन्सच्या वीस पेसोंच्या नोटेवर मागच्या बाजूला डोंगरउतारावरची भातखाचरं छापलेली आहेत. ती बनावे या गावची. इफुगाओ प्रांतात येणारे बहुतेक पर्यटक बनावेलाच जातात, कड्यावर उभं राहून छायाचित्रं काढतात आणि परततात. त्याच प्रांतात, बनावेच्या दक्षिणेला, कियांगन आहे. प्रांतातली ही सर्वांत जुनी वस्ती. इफुगाओ लोकांच्या कथेनुसार विगान आणि बुगान हे पहिलं जोडपं इथेच अवतरलं आणि इथूनच माणसं डोंगरभर पसरली. मराठी वाचकाला फिलिपिन्स ठाऊक असतो तो बहुधा मॅगसेसे पुरस्कारामुळे. 1958 साली, पहिल्याच वर्षी, विनोबांना तो मिळाला आणि 1985 साली बाबा आमटे यांना. त्या देशाच्या उत्तरेकडच्या डोंगरात एका लहानशा गावानं राजा, फौज आणि न्यायालय यांच्यावाचून आपला कारभार कसा चालवला, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही. ती सांगावी असं मला फार वाटतं.

सरकारदरबारी कियांगन ही नगरपालिका. नगरपालिका म्हटल्यावर आपल्याला बाजारपेठ, एसटी स्टँड आणि गटारांचे वाद आठवतात. फिलिपिन्समधली मुनिसिपालिटी वेगळी असते. ती आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा मोठी, पण तालुक्यापेक्षा लहान असते. तिच्या पोटात गावं आणि पाडे असतात, त्यांना बारांगाय म्हणतात. कियांगनमध्ये अशी 14 बारांगाय आहेत आणि सगळ्यांची मिळून लोकसंख्या सतरा-अठरा हजारांच्या घरात जाते. मधल्या वस्तीला, जिथे पालिकेची कचेरी, चर्च, शाळा आणि बाजार असतो, पोब्लासिओन म्हणतात. हे स्पॅनिश अमदानीपासूनचं नाव साऱ्या देशात चालतं. दर तीन वर्षांनी महापौर, उपमहापौर आणि आठ सदस्य निवडून येतात. 1997 च्या मूलनिवासी हक्क कायद्यानंतर पालिकेच्या सभेत मूलनिवासी समाजाच्या प्रतिनिधीलाही जागा असते. मनिलाहून यायचं तर रात्रीची बस धरून सकाळी प्रांताच्या राजधानीत, लागावेला, उतरायचं. तिथून कियांगन दहाएक किलोमीटर. पुढचा प्रवास जीपनीनं किंवा तीनचाकी ट्रायसिकलनं. बाजारात तुवाली कानावर पडते, ही इफुगाओ भाषेची इथली बोली. बाहेरच्या माणसाशी इलोकानोत बोलतात आणि शाळेत फिलिपिनो व इंग्रजी. म्हातारी माणसं सुपारी, पान आणि चुना एकत्र चघळत बसलेली दिसतात. त्याला तिथे मोमा म्हणतात. पाहुणा आला की आधी मोमा पुढे होतो, मग बोलणं सुरू होतं.

कियांगनच्या हद्दीत नागाकादान नावाचं बारांगाय आहे. तिथली खाचरं दोन रांगांनी डोंगर चढत जातात आणि त्या दोन रांगांच्या मधून नदी वाहते. युनेस्कोनं 1995 साली इफुगाओमधले खाचरांचे पाच समूह जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांतला हा एक. बाकीचे चार बाताद, बांगाआन, मायोयाओ आणि हुंगदुआनचे. बातादची खाचरं जास्त प्रसिद्ध आहेत, ती अर्धगोलाकार प्रेक्षागृहासारखी दिसतात. पण व्यवस्था समजून घ्यायची तर नागाकादानला यावं, कारण इथे माथ्यावरच्या झाडापासून तळाच्या नदीपर्यंत सगळा हिशेब एका नजरेत दिसतो.

हा हिशेब माथ्यावरून सुरू होतो. खाचरांच्या वर प्रत्येक घराण्याचं राखलेलं रान असतं, त्याला मुयोंग म्हणतात. सरपण, घरासाठी लाकूड, वेत, औषधी पाला, फळं, सुपारीची झाडं हे सगळं त्या रानातून येतं. पण त्याचं मुख्य काम पाणी धरून ठेवण्याचं. पाऊस रानात मुरतो, झऱ्यांतून हळूहळू बाहेर येतो आणि पाटांनी सर्वांत वरच्या खाचरात उतरतो. ते भरलं की बांधातल्या मोरीतून खालच्या खाचरात आणि तिथून त्याच्या खालच्या खाचरात. तुवाली बोलणारा शेतकरी रान आणि खाचर यांना वेगळ्या मालमत्ता मानत नाही. घराण्याचं मुयोंग गेलं तर खालची खाचरं दोन-चार पावसाळ्यांत कोरडी पडतील, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. म्हणून रान तोडायचं तर कोणतं झाड, किती आणि कशासाठी, याला घराण्याची रीत असते आणि तोडलेल्याच्या जागी रोप लावावं लागतं.

खाचरांचे बांध काही ठिकाणी दगडी असतात, काही ठिकाणी नुसत्या चिकणमातीचे. उतार जितका तीव्र तितका बांध उंच आणि खाचर अरुंद. कित्येक खाचरं इतकी चिंचोळी असतात की रेडा वळवायलाही जागा नसते, तिथे माणसांनीच पायांनी आणि लाकडी फावड्यानं चिखल करायचा. दोन हंगामांच्या मधल्या काळातही खाचरात पाणी उभं ठेवावं लागतं. माती एकदा सुकली की तिला भेगा पडतात आणि पुढच्या पावसात बांध सरकतो. त्यामुळे इथला शेतकरी कापणी झाली म्हणून मोकळा होत नाही. त्याच मोकळ्या महिन्यांत बांध चोपायचे, गवत खरवडायचं, ढासळलेला दगड पुन्हा बसवायचा. बांधाचं काम पुरुषांचं, रोप लावणं आणि बेणणी बायकांची. दोन्ही कामं सावडीनं होतात, आज तुझ्या खाचरात आणि उद्या माझ्या. या सावडीला ते उब्बू म्हणतात. भूकंपात किंवा वादळात कोणाचा बांध कोसळला तर परतफेडीची अपेक्षा न ठेवता सगळे जातात, त्याला वेगळं नाव आहे, बाद्दांग.

इथलं जुनं भात तिनावोन. वर्षातून एकदाच येतं. थंडीच्या सुरुवातीला रोप टाकतात, नव्या वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत लावणी होते आणि जून-जुलैत कापणी. डोंगराच्या थंड पाण्यात हे भात टिकतं, मैदानातल्या सुधारित जाती तिथे दम धरत नाहीत. पूर्वी सर्वांत आधी लावणी करण्याचा मान एका ठरलेल्या घराला असे. त्या घराच्या प्रमुखाला तोमोना म्हणत. तो हवा, पाणी आणि रानातल्या खुणा पाहून दिवस ठरवी, आणि त्याच्या खाचरात रोप गेल्याशिवाय गावात कोणी लावणी सुरू करत नसे. एकाच वेळी लावणी झाली की कीड आणि उंदीर एका घरावर तुटून पडत नाहीत, पाण्याच्या पाळ्या जुळतात आणि सावडीची माणसंही मिळतात. या मानामागे असं पक्कं शेतकी शहाणपण होतं.

कापणी विळ्यानं एकदम करत नाहीत. बोटांत धरायच्या छोट्या पात्यानं एकेक लोंबी खुडायची, पेंढ्या बांधायच्या आणि उन्हात वाळवून कोठारात ठेवायच्या. कोठाराला आलांग म्हणतात आणि घराला बाले. दोन्हींची बांधणी सारखीच. चार जाड खांब, त्यांवर उचललेली एकच खोली, वर गवताचं उंच, उतरतं छप्पर. कुठेही खिळा नाही. सगळे सांधे एकमेकांत अडकवलेले, त्यामुळे घर सुटं करून दुसऱ्या जागी नेऊन पुन्हा उभं करता येतं. प्रत्येक खांबाच्या वरच्या टोकाखाली लाकडाची मोठी गोल चकती बसवतात, म्हणजे खांबावरून चढणारा उंदीर तिथेच अडतो. कोठारात बुलुल बसवतात. बुलुल ही भाताची राखण करणारी लाकडी मूर्ती, बहुधा जोडीनं असते. तिला घडवतानाही विधी आणि कोठारात बसवतानाही विधी. हे विधी करणाऱ्या पुरोहिताला मुम्बाकी म्हणतात. तो घराण्याच्या पूर्वजांची नावं मुखोद्गत म्हणतो, कोंबडी किंवा डुक्कर अर्पण करतो, तांदळाची बायाह नावाची दारू शिंपडतो आणि देवांना बोलावतो. हे देव हजाराहून जास्त आहेत. पाण्याचे, किडीचे, पोटदुखीचे, विणकामाचे, अशी त्यांची वाटणी आहे. आज कियांगनमधले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, पण मुम्बाकी अजून पूर्ण गेलेला नाही.

या खाचरांचं वय किती? जवळपास शंभर वर्षं एकच उत्तर दिलं जाई, दोन ते तीन हजार वर्षं. ते उत्तर अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एच. ऑटली बेयर यांचं. इतके दगड इतक्या हातांनी रचायला किती पिढ्या लागल्या असतील, असा त्यांचा अंदाज होता. पाठ्यपुस्तकांत आणि पर्यटनाच्या फलकांवर तोच आकडा चढला. मग स्टीफन अकाबादो या फिलिपिनो-अमेरिकी पुरातत्त्वज्ञानं बांधांखालच्या कोळशाच्या कणांची रेडिओकार्बन तपासणी सुरू केली. 2012 पासून त्यांचा गट जुन्या कियांगन गावाच्या जागेवर, इबुलाओ नदीजवळ, उत्खनन करू लागला. इथली वस्ती जवळपास हजार वर्षांची निघाली. पण सुरुवातीच्या थरांत पाणभाताचा पुरावा मिळेना, तिथे अळकुडी मिळाली. भाताची खाचरं आली ती सोळाव्या शतकाच्या शेवटानंतर, म्हणजे साधारण चारशे वर्षांपूर्वी. काही अभ्यासक जुनी तारीख सोडायला अजून तयार नाहीत. मला मात्र हा पुरावा भक्कम वाटतो, कारण तो कोळशाच्या तपासणीपुरता थांबत नाही, त्या काळाच्या इतिहासाशीही जुळतो.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेननं लुझोन बेटाचा मैदानी भाग जिंकला. चर्चच्या घंटेच्या टप्प्यात वस्ती करा, कर भरा, वेठबिगार करा, अशी सक्ती सुरू झाली. तिच्यापासून सुटायला कित्येक लोक नदीच्या काठानं वर डोंगरात आले. डोंगरात लोकसंख्या वाढली आणि अळकुडीवर भागेना. त्या लोकांनी उतार कापून खाचरं केली. मैदानातून लोक वर आले असावेत, असा तर्क अभ्यासक फेलिक्स कीसिंग यांनी 1962 सालीच मांडला होता, पुरावा नंतर हाती आला. या डोंगरात भात म्हणजे पोट भरण्यापुरतं धान्य नव्हतं. भाताच्या जोरावर मोठी गावं उभी राहिली, सण-समारंभ झाले आणि हल्ला परतवायला माणसं एकत्र आली. स्पॅनिश तुकड्या पुन्हापुन्हा आल्या, गावं जाळून गेल्या, पण बराच काळ त्यांना इथे पाय रोवता आले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कियांगनमध्ये त्यांचं लष्करी ठाणं आलं आणि 1898 मध्ये स्पेनचं राज्यच संपलं.

तारीख खाली आली तेव्हा इफुगाओमधल्या अनेकांना वाईट वाटलं. आपल्या पूर्वजांचा मोठेपणा कोणी हिरावून घेतला, असं वाटणं स्वाभाविक होतं. माझं मत उलटं आहे. दोन हजार वर्षांत हळूहळू वाढलेली खाचरं हे चिकाटीचं काम झालं असतं. अंगावर आलेल्या साम्राज्याला तोंड देत, काही पिढ्यांत, कुठल्याही राजाच्या हुकमाशिवाय उभारलेली खाचरं हे त्याहून मोठं काम आहे. त्यात लोकांची इच्छा आहे, योजना आहे आणि न झुकण्याचा निर्धार आहे.

राजा नव्हता, मग व्यवस्था कोणी राखली? याचं उत्तर एका शाळामास्तरानं लिहून ठेवलं. रॉय फ्रँकलिन बार्टन हा अमेरिकी शिक्षक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये आला आणि कियांगनमध्ये काही वर्षं राहिला. तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलून, भांडणं प्रत्यक्ष पाहून त्यानं लिहिलेला इफुगाओ कायद्यावरचा प्रबंध 1919 साली कॅलिफोर्निया विद्यापीठानं छापला. लेखी कायदा नाही, न्यायाधीश नाही, पोलीस नाही, तरीही कर्ज, घटस्फोट, वारसा, चोरी, खून या प्रत्येकाची बारीक नियमावली लोकांच्या तोंडी आहे, हे त्यात जगाला प्रथमच इतक्या तपशिलानं वाचायला मिळालं. पुढे ॲडमसन होबेल यांनी आदिम समाजांच्या कायद्यावर 1954 साली जे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं त्यात इफुगाओंना वेगळं स्थान मिळालं ते बार्टनच्या नोंदींमुळे.

त्या नियमांतले काही आजही विचार करण्यासारखे आहेत. खाचर, रान आणि घराण्याच्या पिढीजात वस्तू सहज विकता येत नसत. घरात कोणी आजारी पडला, विधीसाठी जनावरं हवी झाली, अशी निकड असेल तरच, आणि तेही नात्यातल्यांच्या साक्षीनं. मालमत्तेचा मोठा वाटा पहिल्या अपत्याला जाई, मग तो मुलगा असो वा मुलगी. बहुधा लग्नाच्या वेळीच आईबाप आपली खाचरं थोरल्याच्या हाती देत. जुन्या खाचराचं पाणी तोडून वरच्या अंगाला नवं खाचर करता येत नसे. पाट ज्यांनी खोदला त्यांचा हक्क पहिला, नंतर येणाऱ्यानं वाटा विकत घ्यावा.

भांडण मोठं झालं तर मोनकालुन बोलावत. दोन्ही पक्षांना मान्य असा वजनदार माणूस. तो निकाल देत नसे. एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाई, समजूत घाली, स्तुती करी, धाक दाखवी, मागणी कमी कर, दंड वाढव, असं करत दोघांना एका आकड्यावर आणी. मध्यस्थी चालू असताना दोन्ही पक्षांनी एकमेकांसमोर यायचं नाही आणि हत्यार उचलायचं नाही, असा कडक नियम. तो मोडला तर मोनकालुनचाच अपमान, आणि मग त्याचं सगळं गणगोत विरोधात जाई. दंड अपराध्याच्या ऐपतीप्रमाणे ठरे, कादांग्यान म्हणजे श्रीमंतांना जास्त, गरिबांना कमी. या समाजाचं सोज्वळ चित्र रंगवण्यात अर्थ नाही. गावागावांत वैर असे, डोकी मारली जात, सूड पिढ्यान् पिढ्या चाले, आणि भात वर्षभर पुरे तो श्रीमंतांनाच. गरिबाचं पोट रताळ्यावर भरे. पण पाणी आणि जमीन यांबाबत माणसांना बांधून ठेवण्याची त्यांची रीत शंभर टक्के त्यांची होती, कोणी वरून लादलेली नव्हती. म्हणूनच ती टिकली.

बाहेरच्या जगाला कियांगन माहीत झालं ते मात्र वेगळ्या कारणानं. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर घेणारा जपानी सेनापती तोमोयुकी यामाशिता 1945 च्या उन्हाळ्यात आपल्या उरलेल्या सैन्यासह या डोंगरांत शिरला. सिंगापूर पडलं तेव्हा चाळीस हजारांवर भारतीय सैनिक जपान्यांच्या हाती लागले होते आणि त्यांतूनच आझाद हिंद फौजेची सुरुवात झाली, त्यामुळे हे नाव आपल्याही इतिहासात आहे. कियांगन ते हुंगदुआन या पट्ट्यात शेवटच्या लढाया झाल्या. अमेरिकी तोफांनी इतका मारा केला की इथल्या एका टेकडीला लोक अजून दहा लाख डॉलरची टेकडी म्हणतात. इफुगाओ लोकांनी यापूर्वीच आपली बाजू निवडली होती. जपान्यांनी बातान द्वीपकल्प घेतल्यावर निसटलेले अमेरिकी अधिकारी रसेल वोल्कमन आणि डोनाल्ड ब्लॅकबर्न यांना त्यांनी डोंगरांत लपवलं, जगवलं, आणि त्यांच्या गनिमी फौजेत ते स्वतः लढले. याची किंमत गावांनी मोजली. भुकेल्या जपानी सैनिकांनी कोठारं रिकामी केली, जनावरं मारली, रताळी उपटून खाल्ली. लोक रानात पळाले आणि उपासमारीनं, आजारानं मेले.

2 सप्टेंबर 1945 रोजी, टोकियोच्या उपसागरात जपाननं शरणपत्रावर सही केली त्याच दिवशी, यामाशिता डोंगर उतरून कियांगनमध्ये आला. त्याला इथल्या शाळेच्या इमारतीत आणलं गेलं. दुसऱ्या दिवशी बागिओ शहरात औपचारिक सह्या झाल्या. त्या वेळी सिंगापूरला त्याच्यासमोर शरण गेलेले ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल हजर होते. फेब्रुवारी 1946 मध्ये यामाशिताला फाशी झाली. कियांगनमध्ये इफुगाओ घराच्या छपराच्या आकाराचं युद्धस्मारक आहे आणि 2 सप्टेंबरला तिथे दरवर्षी कार्यक्रम होतो. 2019 पासून 3 सप्टेंबर हा देशभर या घटनेचा स्मृतिदिन ठरला आहे. यामाशितानं पुरलेल्या सोन्याच्या अफवेनं आजही कोणी ना कोणी कुदळ घेऊन डोंगरात येतो. सोनं कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही, पोखरलेले उतार मात्र मागे राहतात. मला खंत वाटते ती या गावाची ओळख एका परक्या सेनापतीच्या शरणागतीवर थांबते याची. स्पेनपुढे शतकानुशतकं जे लोक स्वतः शरण गेले नाहीत, त्यांची गोष्ट त्या स्मारकात मावत नाही.

ती गोष्ट बायकांनी गायली आहे. हुदहुद ही इफुगाओंची दीर्घ कथागीतं आहेत, दोनशेहून अधिक, आणि प्रत्येकाचे तीस-चाळीस भाग. एक पूर्ण म्हणायला तीन-चार दिवस लागू शकतात. कापणीच्या, बेणणीच्या वेळी आणि मृताच्या जागरणात ती गातात. एक मुख्य गायिका ओळ उचलते आणि बाकीच्या बायका मागून झेलतात. हात खाचरात चालू, कंठ कथेत. सर्वांत प्रसिद्ध नायक अलिगुयोन. त्याचं पुम्बाखायोनशी द्वंद्व सुरू होतं, वर्षानुवर्षं चालतं, दोघांपैकी कोणीही हरत नाही. शेवटी दोघं एकमेकांचं शौर्य मानतात आणि एकमेकांच्या बहिणींशी लग्न करतात. वैराचा शेवट सोयरिकीत होतो. फ्रान्सिस लाम्ब्रेख्त या बेल्जियन धर्मगुरूनं विसाव्या शतकात ही गीतं उतरवून घेतली. कियांगनच्याच लुर्देस दुलावान यांनीही ती जमवण्यात आणि शिकवण्यात आयुष्य घातलं. 2001 साली युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाची पहिली 19 नावं जाहीर केली, त्यांत केरळच्या कुटियाट्टमबरोबर हुदहुदही होतं. शाळांतून मुलं आता ती शिकतात, स्पर्धा होतात. पण स्पर्धेतलं हुदहुद दहा मिनिटांत संपतं. चार दिवसांचं हुदहुद गायला चार दिवसांची कापणी लागते, आणि हातानं कापायचं तिनावोन लागतं.

आता अडचण इथेच आहे. तिनावोन वर्षातून एकदा, उत्पन्न कमी आणि कष्ट प्रचंड. बहुतेक घरांना स्वतःचा तांदूळ वर्षभर पुरत नाही, दुकानातून मैदानी तांदूळ आणावा लागतो. शिकलेली मुलं बागिओ, मनिला गाठतात, अनेकजणी परिचारिका किंवा घरकामगार म्हणून परदेशी जातात. त्यांच्या पैशातून घर सिमेंटचं होतं, भावंडाचं शिक्षण होतं. त्यांनी जाऊ नये असं म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण बांध चोपायला घरात कोणी उरत नाही. एक खाचर पडलं की त्याखालच्या खाचराचं पाणी जातं. त्यात 1980 च्या दशकात प्रथिनांचं स्वस्त अन्न म्हणून आणलेल्या दक्षिण अमेरिकी सोनेरी गोगलगाई खाचरांत पसरल्या आणि कोवळं रोप कुरतडू लागल्या. सुकलेल्या बांधांत मोठी गांडुळं बिळं करतात. 2001 साली युनेस्कोनं ही खाचरं धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातली, तेव्हा पाव भाग किंवा त्याहून जास्त खाचरं ओसाड झाल्याचा अंदाज होता. दुरुस्त्या झाल्या, पाट बांधले गेले आणि 2012 साली नाव त्या यादीतून निघालं. नाव निघालं म्हणून अडचण संपली असं मात्र नाही.

कियांगननं स्वतः जे केलं ते मला या सगळ्यात मोलाचं वाटतं. इफुगाओ खाचरं वाचवण्याच्या चळवळीनं, मार्लन मार्टिन यांच्या पुढाकारानं, अकाबादोंच्या उत्खननात गावकऱ्यांना नुसतं मजूर म्हणून न घेता भागीदार केलं. कुठे खोदायचं, सापडलेल्या मडक्यांचं आणि हाडांचं काय करायचं, कोणता विधी आधी व्हायला हवा, हे गावाशी बोलून ठरलं. सापडलेल्या वस्तू मनिलाच्या कपाटात जाऊन पडू नयेत म्हणून कियांगनमध्येच मूलनिवासी शिक्षणाचं केंद्र आणि दालन उभं राहिलं. तिथे मुलांना विणकाम, हुदहुद, खाचरांचं काम आणि त्यांचा नव्यानं कळलेला इतिहास शिकवतात. शिक्षकांसाठी धडे तयार होतात. कियांगनचं विणकाम तर जुनंच. सुताला आधी गाठी मारून रंगवायचं आणि मग मागावर नक्षी उमटवायची, हा प्रकार इथल्या बायकांच्या हातात आहे. मृताला गुंडाळायचं गामोंग असंच विणतात. भाताच्या बाबतीत पालिकेनं कापणीनंतरचा बाक्ले उत्सव पुन्हा सुरू केला. चिकट तांदूळ उखळात कांडून केलेल्या वड्या घरोघर वाटायच्या, हा त्याचा गाभा. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या आरंभी हा उत्सव असतो, म्हणजे युद्धाच्या स्मृतिदिनाच्या आगेमागे. गावानं आपल्या सणाला त्या दिवसांत जागा दिली, हे मला फार योग्य वाटतं.

एवढं करूनही खाचरं टिकतील का, हे एका साध्या गोष्टीवर ठरेल. तिनावोन लावणाऱ्या बाईला तिच्या कष्टाचा दाम मिळाला पाहिजे. वारसा जपा असं तिला सांगायचं आणि तिच्या तांदळाला मैदानी तांदळाचाच भाव द्यायचा, हा अन्याय आहे. पर्यटकाच्या खिशातला पैसा हॉटेलात आणि गाडीवाल्याकडे थांबतो, बांधापर्यंत पोचत नाही. कड्यावरून दिसणाऱ्या देखाव्याचं तिकीट घेतलं जातं, पण तो देखावा रोज चिखलात उतरून उभा ठेवणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी खाचरांची काळजी करायला युनेस्कोची गरज उरणार नाही.

मराठी पर्यटक आता मोठ्या संख्येनं फिलिपिन्सला जाऊ लागले आहेत, बहुतेक समुद्रकिनारे पाहायला. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर त्यातले दोन-तीन दिवस कियांगनसाठी ठेवा. जून-जुलैत गेलात तर कापणी दिसेल. स्मारक पाहा, पण तिथून परतू नका, नागाकादानला जा. वाटाड्या गावातलाच घ्या, मुक्काम गावातल्या घरी करा, बांधावर पाय देण्यापूर्वी विचारा. आणि निघताना तिनावोनची एक पिशवी थेट शेतकऱ्याकडून, तो सांगेल त्या भावानं, घासाघीस न करता विकत घ्या.